बो समिटचा उतार: आइसफील्ड्स पार्कवेवरच्या सायकल सहलीचा दुसरा दिवस

कॅनडातल्या लेक लुईसहून जॅस्परला जाणारा आइसफील्ड्स पार्कवे २३२ किलोमीटरचा आहे. बॅन्फ आणि जॅस्पर ही दोन राष्ट्रीय उद्यानं त्याने जोडली आहेत. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांच्या हाताला काम द्यायचं म्हणून तो बांधायला घेतला आणि १९४० मध्ये खुला झाला. मालवाहू ट्रकना इथे बंदी आहे, डांबराला बहुतेक ठिकाणी शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टी, आहे आणि चढ लांब असले तरी आपल्या घाटांपेक्षा सौम्य आहेत. रोज पन्नास ते ऐंशी किलोमीटर, सोबत दोन गाइड आणि सामानाची व्हॅन, असा पाच दिवसांचा बेत हौशी सायकलस्वारालाही झेपतो.

चढ झेपतो. घोळ होतो तो उताराचा, आणि तोही बहुधा दुसऱ्या दिवशी.

खालचं प्रकरण कोणा एका गटाचं नाही. या रस्त्यावर पावसाळी दिवशी ज्या चुका सहज होतात त्या एकत्र जुळवून केलेला हा नमुना आहे. रस्ता, अंतरं आणि उंची मात्र खरी आहेत.

गट आणि बेत

जुलैचा दुसरा आठवडा. पुण्याहून आलेले दहा जण, वय ३४ ते ६१. सगळ्यांचा सराव सिंहगड आणि पसरणी घाटाचा, काहींच्या नावावर २०० किलोमीटरच्या राइड. दोन गाइड, पंधरा आसनी व्हॅन आणि तिच्यामागे बारा सायकलींचा ट्रेलर. सायकली भाड्याच्या: डिस्क ब्रेक, ३५ मिलिमीटरचे टायर, पुढे लहान चक्री ३४ दात्यांची आणि मागे मोठी तेवढीच.

पहिल्या दिवशी बॅन्फहून बो व्हॅली पार्कवेने लेक लुईस, सुमारे ६० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी लेक लुईस ते सस्कॅचेवन रिव्हर क्रॉसिंग, सुमारे ८०. तिसऱ्या दिवशी सनवाप्टा खिंड चढून कोलंबिया आइसफील्ड, ५०. चौथ्या दिवशी सनवाप्टा धबधबा, तेही पन्नासच्या आत. पाचव्या दिवशी जॅस्पर, ५५.

कागदावर तिसरा दिवस अवघड दिसतो. बिग बेंड नावाच्या मोठ्या वळणानंतर रस्ता एका दमात चढायला लागतो आणि खिंड सुमारे २०३५ मीटरवर आहे. त्यामुळे गटाची सगळी धास्ती त्या दिवसाची. दुसऱ्या दिवसाकडे ‘लांब पण सोपा’ म्हणून पाहिलं गेलं, आणि पुढचं सगळं त्या समजुतीतून घडलं.

दुसऱ्या दिवसाची चढण-उतरण अशी. लेक लुईस गाव सुमारे १५४० मीटरवर. तिथून चाळीस किलोमीटर रस्ता हळूहळू चढत बो समिटला जातो, सुमारे २०७० मीटर. हा पार्कवेवरचा सर्वात उंच बिंदू, सनवाप्टा खिंडीपेक्षाही वर. शेवटचे तीन-चार किलोमीटर, म्हणजे बो लेकपासून माथ्यापर्यंतचे, खरे चढाचे. मग पलीकडे मिस्ताया नदीच्या खोऱ्यात उतरून ३७ किलोमीटरवर क्रॉसिंग, सुमारे १४०० मीटर. त्या ३७ किलोमीटरमध्ये दुकान नाही आणि फोनला रेंज नाही. अध्येमध्ये गाड्या थांबवायच्या जागा आहेत, आणि वॉटरफाउल लेक्सच्या कॅम्पग्राउंडवर छप्पर असलेली स्वयंपाकाची जागा आहे. बाकी सगळं उघडं.

सकाळ

साडेसातला गट निघाला. नऊ अंश, ढगाळ, कोरडं. पहिल्या अर्ध्या तासातच सगळ्यांना घाम आला, जॅकेटं उतरली आणि व्हॅनमध्ये टाकली गेली. ‘काका, जॅकेट मागे बांधून ठेवा ना,’ असं एका मुलीने म्हटलंही. ‘अगं, आत्ताच एवढं उकडतंय, वर कशाला ओझं?’ हे उत्तर सह्याद्रीत अगदी बरोबर आहे. सिंहगड चढून आलेला माणूस उतरताना अंग वाळवत येतो, आणि खाली डोणज्याला हवा आणखी ऊबदार मिळते.

पुढचे पाच जण दहा वाजून वीस मिनिटांनी बो लेकला पोहोचले, शेवटचे तिघे अकरा चाळीसला. ऐंशी मिनिटांचं अंतर. दहा जणांच्या गटात जवळपास चाळीस किलोमीटरवर एवढी फाकाफाक होणं नवल नाही, पण एकाच व्हॅनला ती झेपत नाही. जेवण ठेवलं होतं माथ्यावर, पेटो लेकच्या वाहनतळावर, फोटोची जागा म्हणून. व्हॅन तिथे. पुढचे पाच सव्वाअकराला जेवून कोरड्या रस्त्यावरून उतरायला लागले. गटातल्या दोघांचे गुडघे दुखत होते, ते व्हॅनमध्ये बसले, आणि व्हॅन पुढच्या पाचांच्या मागोमाग क्रॉसिंगला गेली. शेवटच्या तिघांचं जेवण स्वीपच्या, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणाऱ्या गाइडच्या, पिशवीत दिलं होतं. त्यांची जॅकेटं मात्र ट्रेलरमध्ये राहिली.

साडेअकराला पाऊस सुरू झाला.

तिघे साडेबाराला माथ्यावर आले तेव्हा तापमान पाच अंश होतं. बिनबाह्यांचं पातळ जॅकेट एकाकडे, बाकी दोघे भिजलेल्या जर्सीत. थांबलं की थंडी वाजते म्हणून जेवण न करताच ते निघाले. माथ्याच्या पलीकडचे पहिले सात-आठ किलोमीटर सलग उताराचे आहेत, पॅडल मारायची गरजच पडत नाही.

स्नोबर्ड ग्लेशियरच्या थांब्यापाशी ५८ वर्षांचे काका वेडीवाकडी सायकल चालवताना स्वीपला दिसले. थांबवलं तर पाय टेकताना तोल गेला. हातात चिक्कीचं पाकीट दिलं, ते त्यांना फाडता येईना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकेनात. पाकीट दातात धरलं, पुन्हा हातात घेतलं, आणि मग ते तसंच मुठीत धरून उभे राहिले. काय होतंय विचारल्यावर ‘काही नाही, बरं आहे’ हे उत्तर आलं, पण शब्द जिभेवर रेंगाळत होते.

बोटं चालत नाहीत, जीभ जड होते, पाय अडखळतात, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. ही चार लक्षणं एकत्र दिसली की अंगाचं तापमान उतरायला लागलेलं असतं. ‘बरं आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. काका अजून कडकडून थरथरत होते, ही त्यातली चांगली गोष्ट. थरथर थांबली आणि माणूस तरी गारच असला, तर प्रकरण हाताबाहेर जायला लागलेलं असतं.

स्वीपने काय केलं

त्याच्याकडे सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र होतं. ‘एक जण गारठला आहे, शुद्धीत आहे, स्नोबर्ड थांबा, व्हॅन हवी’ एवढा मजकूर आणि ठिकाण व्हॅनला गेलं. व्हॅन तीस किलोमीटरवर. सायकली उतरवणं चाललं होतं ते सोडून निघाली तरी पस्तीस मिनिटं लागणार होती. पहिला संदेश व्हॅनला पाठवणं इथे योग्यच होतं, कारण माणूस शुद्धीत होता आणि ऊब देण्याचं सामान व्हॅनमध्ये होतं. शुद्ध हरपत असती, तर यंत्राचं एसओएस बटण आधी आणि व्हॅन नंतर.

मग काकांना रस्त्यापासून लांब, आडोशाला, फोमच्या चटईवर बसवलं. जमिनीतून ऊब झपाट्याने जाते, त्यामुळे खाली काहीतरी हवंच. ओली जर्सी काढून स्वीपचं स्वतःचं पिसांचं जॅकेट उघड्या अंगावर चढवलं, वरून फॉइलची झोळी, डोक्यावर कोरडी टोपी. रासायनिक हातगरम पुड्या दोन होत्या. त्या दोन्ही काखेत ठेवल्या, पण पातळ कापडावरून, थेट कातडीला लावल्या तर भाजतं. पुड्या हातात द्यायचा मोह होतो, पण ऊब आधी छातीला लागते. हात-पाय चोळायचे नाहीत.

काका नीट गिळू शकत होते, तेव्हा थर्मासमधला गोड चहा घोटघोट दिला आणि चिक्की फोडून दिली. थरथरायला अंगाला इंधन लागतं आणि ते साखरेतून लवकर मिळतं. माणूस अर्धवट शुद्धीत असता तर तोंडात काहीच द्यायचं नव्हतं, त्याला आडवं निजवायचं होतं आणि हलवायचं नव्हतं. कोणी ब्रँडी काढली तर ती परत ठेवायला सांगायची. दारूने वरवर ऊब वाटते आणि आतली निघून जाते.

अर्धा तास काकांना उठू दिलं नाही. ‘चार पावलं चाललं की बरं वाटेल’ असं सोबतचे दोघे सारखं म्हणत होते, आणि हा सल्ला मनापासून दिला जातो म्हणूनच त्याची भीती. गारठलेला माणूस लगेच चालायला लागला की हातापायातलं गार रक्त काळजाकडे परततं आणि तब्येत आणखी ढासळू शकते. ते दोघेही भिजलेलेच होते. स्वीपने त्यांना एकमेकांना चिकटून बसवलं आणि उरलेला चहा त्यांच्यात वाटला.

व्हॅन आली, तिघे आत बसले, हीटर लावला. क्रॉसिंगला पोहोचेपर्यंत काकांची थरथर थांबली होती आणि बोलणं साफ झालं होतं.

का झालं

चढताना सायकलस्वार दीडशे वॅटचं काम करत असेल, तर शरीर त्याच्या तीन-चार पट उष्णता तयार करतं, म्हणजे पाचशे वॅटच्या आसपास. माथा ओलांडून पॅडल थांबलं की ती शंभरच्या जवळपास येते. चूल विझते आणि त्याच क्षणी पंखा लागतो. पाच अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे एक अंशासारखा लागतो. त्यात अंग ओलं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. घामाने भिजलेली जर्सी आणि पावसाने भिजलेली जर्सी यात अंगाला काही फरक कळत नाही.

आपल्याकडच्या घाटात हे फारसं कळत नाही, कारण उतार दहा-बारा किलोमीटरचा असतो आणि खाली हवा गरम. इथे उताराचा मुख्य टप्पा संपला तरी पुढे तीस किलोमीटर बाकी असतात, आणि गारठलेले पाय ते अंतर ऊब तयार करण्याइतक्या जोराने तोडू शकत नाहीत.

ब्रेकचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. उत्तर अमेरिकेत पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या खटक्यावर असतो. आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींवर तो उजव्यावर. कोरड्या रस्त्यावर दोन दिवसांत सवय होते, पण बोटं बधिर झाली, माणूस घाबरला, की हात जुन्या सवयीवर जातो. ओल्या उतारावर पुढचं चाक आवळलं गेलं तर माणूस हँडलवरून जातो. भाड्याची सायकल घेतानाच दुकानात दोन्ही केबलची अदलाबदल करून मागावी. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर नळ्या सोडून पुन्हा तेल भरायला लागतं, ते दुकानदार बहुधा करत नाही. मग खटक्यांवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळायची आणि पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत वीसदा थांबून बघायचं. रहदारी उजवीकडून चालते, त्यामुळे आरसाही डाव्या बाजूला.

सगळ्यात मोठी चूक मात्र वाटणीची होती. गाइड, व्हॅन, कोरडे कपडे, गरम पाणी हे सगळं होतं, पण पुढच्या पाचांकडे, म्हणजे ज्यांना त्याची गरज नव्हती त्यांच्याकडे. हळू चालवणारा जास्त वेळ पावसात असतो, त्याला घाम उशिरापर्यंत येतो आणि दुपारची वादळी हवा त्याच्याच वाट्याला येते. व्हॅन त्याच्याजवळ हवी. वेगाने जाणारे क्रॉसिंगला वीस मिनिटं थांबले तर काही बिघडत नाही.

तोच दिवस कसा आखायचा

जेवण बो लेकला. तिथे लॉज आहे, स्वच्छतागृह आहे, गाड्या उभ्या करायला जागा आहे, आणि उरलेल्या चढासाठी पोटात काहीतरी असतं. पेटो लेकला फक्त फोटो, दहा मिनिटं.

बो लेक ही अट घालायची जागा. इथून पुढे निघताना प्रत्येकाच्या सायकलवर पावसाचं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि हेल्मेटखाली बसेल अशी पातळ टोपी असलीच पाहिजे, आणि गाइडने ती डोळ्यांनी बघायची. ऊन असलं तरी. जुलैतही इथे बर्फ पडू शकतो. माथ्यावर पोहोचल्यावर, उतरायच्या आधी, घामाची जर्सी काढून कोरडी बंडी घालायची आणि मगच जॅकेट. हे जरा अवघडल्यासारखं वाटतं, बायकांसाठी व्हॅनच्या आत सोय करावी लागते, पण या दोन मिनिटांनी पुढचे दोन तास वाचतात.

कोरड्या कपड्यांची पिशवी ट्रेलरमध्ये ठेवायची नाही. दहा-बारा लिटरची पाणी न शिरणारी पिशवी, वर नाव, व्हॅनच्या बाजूच्या दाराशी. आत लोकरी बंडी, फ्लीस, दोन जोड मोजे, सुके हातमोजे. स्वस्तातला एक उपाय फार कामाचा आहे: भांडी घासायचे रबरी हातमोजे, एक माप मोठे, सायकलच्या हातमोज्यांवरून चढवायचे. पावसात हे महागड्या मोज्यांना हरवतात. घरून नेले तर वजन शंभर ग्रॅमही होत नाही.

स्वीपच्या पिशवीत एक पिसांचं जॅकेट, फॉइलची झोळी, चटईचा तुकडा, चार हातगरम पुड्या, अर्धा लिटर थर्मास. व्हॅनमध्ये दीड लिटरचे दोन थर्मास, पहाटे भरलेले. खाण्याचं प्रमाण तासाला साधारण पन्नास ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी किंवा शंभर ग्रॅम चिक्की. पाकिटं सकाळीच अर्धी फाडून ठेवायची. भारतातून नेलेलं खाणं विमानतळावर जाहीर करावं लागतं.

वेळेची रेषा अशी: कोणीही साडेबारानंतर बो लेकहून सायकलवर माथ्याकडे निघणार नाही. आणि माथ्यावर पाऊस असेल, तापमान आठच्या खाली असेल, तर सगळा गट व्हॅनने पहिले दहा किलोमीटर उतरेल. पंधरा आसनं आणि बारा सायकलींचा ट्रेलर, एकाच फेरीत होतं. सगळा गट हे महत्त्वाचं. ‘ज्याला बसायचं त्याने बसावं’ म्हटलं की आपली माणसं बसत नाहीत. इतक्या लांबून आलोय, प्रत्येक किलोमीटर पायाने करायचा, हा हट्ट समजण्यासारखा आहे. म्हणून हा नियम बॅन्फला पहिल्या संध्याकाळीच सांगायचा, पावसात उभं राहून नाही.

अस्वलं आणि धूर

खाण्याचा विषय निघालाच आहे तर अस्वलांचं. सायकल शांत आणि वेगवान असते, त्यामुळे वळणावर अस्वल दचकण्याची भीती चालणाऱ्यापेक्षा जास्त. जुलैच्या मध्यापासून रस्त्याकडेला बफेलोबेरीची लाल फळं पिकतात आणि अस्वलं ती खायला उतरतात. गारठलेल्या माणसाला बसवताना जागा बघून बसवायची ती यासाठीच. अस्वलं आणि लांडग्यांपासून शंभर मीटर, एल्क (मोठी हरणं) आणि मेंढ्यांपासून तीस मीटर लांब राहायचं हा उद्यानाचा दंडक आहे. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, प्रत्येकाने बाटलीच्या पिंजऱ्यात, हाताशी. तो विमानात नेता येत नाही, तिथेच घ्यायचा आणि मुदतीची तारीख बघायची. ओल्या जर्सीच्या खिशात चिक्की विसरून ती तंबूत वाळत घालणं, हा या वाटेवरचा सगळ्यात सोपा गुन्हा.

२०२४ च्या जुलैत वणव्याने जॅस्पर गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. गाव आणि उद्यान रिकामं करावं लागलं. तेव्हापासून शेवटचे दोन दिवस रद्द झाले तर काय, हे लिहून ठेवल्याशिवाय बुकिंग करू नये. हवेचा आरोग्य निर्देशांक (आकडा मोठा तितकी हवा वाईट) सातच्या वर गेला की दमाचा त्रास असलेल्यांनी सायकल बंद ठेवायची आणि बाकीच्यांनी चढ टाळायचे.

त्या संध्याकाळी

क्रॉसिंगला काकांना गरम पाण्याने अंघोळ हवी होती. लगेच नाही. आधी जेवण, कोरडे कपडे, तासभर विश्रांती, मग कोमट. रात्री कोणीतरी त्यांच्या खोलीत झोपावं. दुसऱ्या दिवशी सनवाप्टाचा चढ त्यांनी करायचा का, हे सकाळी त्यांच्या बोटांवरून ठरवायचं. शर्टाची बटणं स्वतः लावता आली, भूक लागली, झोप नीट झाली असेल तर बिग बेंडपर्यंत व्हॅनने आणि वरचा चढ स्वीपसोबत.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे, नाहीतर सकाळी ते ओलेच असतात. चेन पुसून तेल लावायचं. ओल्या उतारावर ब्रेकचे पॅड झपाट्याने झिजतात, त्यामुळे दहाही सायकलींचे पॅड टॉर्च लावून बघायचे. पॅडचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, एक मिलिमीटरच्या खाली असेल तर त्याच रात्री बदलायचे. चौथ्या दिवशी आइसफील्ड सोडल्यावर थोड्याच अंतरात टँगल धबधब्याकडे जाणारा तीव्र उतार लागतो, आणि तो सकाळच्या गारठ्यात, पाय तापायच्या आधी येतो.